लॅटिन: आधी तक्ते घोकायचे की थेट वाचायला लागायचं?

घोकंपट्टीचा_वैरी:
दोन महिने लॅटिन शिकतोय. दुसऱ्याच धड्यात विभक्तींचा तक्ता आला: पुएला (मुलगी), पुएलाए, पुएलाए, पुएलाम... शाळेतलं 'रामः रामौ रामाः' आठवून पोटात गोळा. माझं मत, तक्ते नंतर. आधी 500 शब्द आणि सोपी वाक्यं. मूल काय विभक्ती पाठ करून बोलायला लागतं?

माजी_संस्कृतबाई:
अजिबात पटलं नाही. 'रेक्स' म्हणजे राजा हे पाठ केलंत आणि वाक्यात आलं 'रेगेम'. ओळखाल? परक्या माणसाने 'देऊळ' शिकावं आणि समोर 'देवळात' यावं, तशी गत. म्हणून तर कोशात नामापुढे षष्ठीचं रूपही छापतात: रेक्स, रेगिस. हे 'रेग' म्हणजे आपलं सामान्यरूपच की! ते सोडून नुसते शब्द गोळा करून काय करणार? आणि संस्कृत झालंय ना तुमचं? मालाम्, पुएलाम, द्वितीयेचा म् तोच. द्विवचनाची कटकट नाही, विभक्त्या संबोधन धरून सहा. एवढं घाबरायचं कशाला?

घोकंपट्टीचा_वैरी:
बाई, रेक्सचं मान्य. पण संस्कृतचा हात अर्ध्या वाटेवर सुटतो. लॅटिनमध्ये तृतीया आणि बरीचशी सप्तमी पंचमीतच मिसळून गेल्येत. 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने. 'आथेनिस' म्हणजे अथेन्सहून, आणि अथेन्समध्येसुद्धा! आता हे बघा:
पोएता पुएलाए रोसाम दात. (कवी मुलीला गुलाब देतो.)
रोसा पुएलाए रुब्रा एस्त. (मुलीचा गुलाब लाल आहे.)
रूप एकच. चतुर्थी की षष्ठी, हे वाक्य सांगतं. तक्ता दोन्ही रकान्यांत तेच छापून मोकळा.

पारावरची:
मी वनस्पतिशास्त्रवाली, म्हणजे लॅटिन फक्त नावांपुरतं. पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा. '-उस' शेवट पुल्लिंगी असं तक्त्यात शिकलेला माणूस 'रिलिजिओसुस' करून बसेल. झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून 'रिलिजिओसा'. मला हे नावं वाचूनच कळलं. वैरीबुवांना +१.

माजी_संस्कृतबाई:
झाडांचा तो नियम व्याकरणाच्या पुस्तकातच असतो हो, तक्त्याखाली बारीक टाइपात. तेवढंच कोणी वाचत नाही.

काळाकोट:
मी बाईंच्या बाजूने. हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, हा आदेश) वर्षानुवर्षं ऐकतोय, 'कॉर्पस' म्हणजे शरीर हेही माहीत. पण 'हाबेस' म्हणजे 'तुझ्याकडे आहे' आणि 'हाबेआस' (तेच आपलं 'हेबियस') म्हणजे साधारण 'तुझ्याकडे असावं', हे क्रियापदाचा तक्ता उघडल्यावर समजलं. मधल्या एका 'आ'मुळे विधानाचा हुकूम झाला! शब्द पाठ करून हे कधीच हाती लागलं नसतं. (अशिलाला सांगून बघितलं. त्याला फक्त तारीख हवी होती.)

घोकंपट्टीचा_वैरी:
बरं, उद्यापासून वहीत रेक्स-रेगिस अशी जोडीनेच नोंद. पण नामांचे पाचही तक्ते एका दमात गिळणार नाही. एक तक्ता, त्यावर दहा वाक्यं, मग पुढचा.

माजी_संस्कृतबाई:
दहा नाही, तीस. आणि तिसऱ्या तक्त्याला पोचलात की कळवा. तुमचा रेक्स तिथेच राहतो.