प्रतिसाद: टक्क्यांपुढचा तो '+ ३' आणि तापमान

मल्टिमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं उपकरण) ०.५ टक्के अचूकतेचा, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर फार तर ०.०६ व्होल्टचा फरक, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. टक्क्यांचं गणित बरोबर, पण मॅन्युअलमध्ये ±(०.५% + ३) असं छापलेलं असतं आणि ते ३ म्हणजे डिस्प्लेच्या शेवटच्या आकड्यात तीनचा फरक. ६००० काउंटच्या (म्हणजे डिस्प्लेवर साधारण ६००० पायऱ्या दाखवणाऱ्या) मीटरवर ६० व्होल्टच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा ०.०१ व्होल्टचा, म्हणजे १२.६० ला ०.०६३ + ०.०३ = ०.०९३. तीच बॅटरी ६०० च्या रेंजवर मोजली की शेवटचा आकडा ०.१ चा होतो आणि फरक थेट ०.३६३ वर. लेड-ॲसिड बॅटरीत (गाडीतल्या नेहमीच्या) १२.६ म्हणजे जवळपास फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग मोजून उपयोग काय?

तापमानाचं मात्र इथे कुणीच काढलं नाही. ही अचूकता बहुधा २३ ± ५ अंशांसाठी, तीही कॅलिब्रेशननंतर (मीटर प्रमाणाशी ताडून जुळवल्यावर) वर्षभरापुरती दिलेली असते. १८ ते २८ च्या बाहेर दर अंशाला सहसा मूळ मर्यादेच्या ०.१ पट भर घालायची (आकडा मॅन्युअलमधल्या तांत्रिक तपशिलांत सापडतो). विदर्भातल्या मे महिन्यात मीटर ४२ अंशांवर असेल तर १४ अंश जास्त, म्हणजे मर्यादा २.४ पट: ०.०९३ चे झाले ०.२२३. उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलेल्या मीटरला हवेचं तापमान लावू नका, तो त्याहून तापलेला असतो. अर्थात ही कमाल मर्यादा झाली, चांगला मीटर सहसा बराच आत असतो. पण दोन मीटरमध्ये ०.१ चा फरक दिसला म्हणून लगेच एकाला बाद ठरवू नका.