मदत हवी आहे: वेल्डिंगच्या शॉटमध्ये पट्टे, आवाजही गेला (शनिवारी परत शूट!)

खटपट्या
लोकहो, भंगारातल्या लोखंडातून शिल्पं करणाऱ्या एका शिल्पकारावर २५ मिनिटांचा माहितीपट करतोय. वेल्डिंगचे सगळे शॉट वाया गेलेत. चित्रावर आडवे काळे पट्टे सरकतात, मधेच अर्धी फ्रेम पांढरीफटक. आणि ग्राइंडर चालू असताना ते जे बोलतात त्यातलं एक अक्षर कळत नाही. एडिटमध्ये निघेल का? नाहीतर सेटिंग काय ठेवू? शनिवारी परत जायचंय. 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

मध्यमा
फ्रेमरेट किती, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम? शटर किती, म्हणजे दर फ्रेमला किती वेळ उघडं? वेल्डिंग रॉडचं, की गॅसच्या आवरणातलं मिग किंवा टिग? शेडमध्ये ट्यूब आहेत की उजेड बाहेरून येतो? माईक कुठे लावला होता?

खटपट्या
कॅमेरा चांगला आहे हो, त्याचा प्रश्न नाही. साधं वेल्डिंग. माईक कॉलरला.

मध्यमा
कॅमेरा चांगला आहे का, हे विचारलंच नव्हतं. फ्रेमरेट आणि शटर सांगा.

बोका_ऑन_ड्यूटी
व्हेरिएबल एनडी (फिरवून कमीजास्त करता येणारा, उजेड कमी करणारा फिल्टर) घ्या, विषय संपला. वेल्डिंगला त्याशिवाय पर्याय नाही.

खटपट्या
६० फ्रेम, शटर १/१२५. नंतर स्लो करता यावं म्हणून. वेल्डिंगचा सेट जुना आहे, तेलाचा, मोठा. शेडमध्ये ट्यूब आहेत, चोकवाल्या.

काळी_काच
मग पट्टे येणारच. तेलाचा सेट म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एसी करंट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाचा लखलखाट, सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. चोकवाल्या ट्यूबचंही तेच. एक झोत १० मिलिसेकंदांचा आणि तुमचं शटर उघडं ८ मिलिसेकंद. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे काही ओळींना पूर्ण झोत मिळतो, काहींना अर्धवट. तोच पट्टा. ६० फ्रेमचा ५० हर्ट्झशी मेळ नाही म्हणून तो सरकतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी (६० हर्ट्झच्या देशांची पद्धत) असेल ते पाल (५० हर्ट्झची) करा. मग २५ फ्रेमला शटर १/५० किंवा ५० फ्रेमला १/१००. झोत पुरा मोजला गेला की पट्टा नाही. ५० फ्रेम २५ च्या टाइमलाइनवर टाकली तर निम्मा वेग मिळतो, ठिणग्यांना तेवढा पुरे. शटर १/१०० पेक्षा जलद हवं असेल तर ट्यूब बंद करा, काम दारापाशी उन्हात घ्या आणि शॉट ग्राइंडरचा ठेवा, वेल्डिंगचा नको.

अर्धी पांढरी फ्रेम वेगळी गोष्ट. फ्रेम वाचली जात असताना मधेच आर्क पेटला की तसं होतं. सेटिंगनं जात नाही. ती एकच फ्रेम काढून शेजारची दुप्पट करा, कोणाला कळत नाही.

बोका_ऑन_ड्यूटी
म्हणजे माझा एनडी फुकट?

काळी_काच
एनडीनं पट्टे जात नाहीत एवढंच म्हणणं. लागणार मात्र आहे, कारण १/१२५ वरून १/५० वर आलात की सव्वा स्टॉप उजेड वाढतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). पण व्हेरिएबल नको. तो शेवटापर्यंत फिरवला की फ्रेमवर काळी फुली उमटते. सहा स्टॉपचा साधा एनडी घ्या आणि त्याच्यापुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, पुसून निघत नाहीत. तो फिल्टर मेला तरी चालेल.

मध्यमा
एक्स्पोजर ऑटोवर आहे का? असेल तर आर्क पेटताच सगळं काळं आणि विझताच भसकन उजळ होणार. मॅन्युअलला ठेवा, मोजणी चेहऱ्याची करा, आर्क जळू दे. त्याहून बरं म्हणजे जागा बदला. आर्क लोखंडाच्या तुकड्याआड लपेल अशा बाजूला उभे राहा. मग लेन्सला फक्त चेहऱ्यावरचा आणि पत्र्यावरचा परतलेला निळा उजेड दिसतो. वितळलेला रस जवळून हवाच असेल तर वेल्डरची काळी काच, १० किंवा ११ नंबर, लेन्सपुढे चिकटपट्टीनं लावा. चित्र हिरवं येईल. काच लावून झाल्यावर पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घ्या.

दिवटी
आर्कनं सेन्सर जळतो असं वाचलंय. जपून.

काळी_काच
सेन्सर जाळतो तो लेसर. आर्कचा अतिनील भाग बराचसा लेन्सच्या काचेतच अडतो. जपायचे ते डोळे. स्क्रीनकडे बघत असलात तरी बाजूनं आर्क दिसतोच. तेव्हा काही होत नाही, रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. रिफ्लेक्टर धरणाऱ्यालाही काच द्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. टेरिलीन नको, ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं.

कानोसा
आवाजाबद्दल कोणी बोलेना, म्हणून. ग्राइंडर चालू असताना बोललेलं वाचवता येत नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे फिरतो आणि वर पत्र्याची शेड घुमते. कॉलरच्या माईकचा आवाज कॅप्सूलमध्येच फाटतो, मग ३२ बिट फ्लोट (फार मोठा आवाजही सांभाळणारं रेकॉर्डिंग) असलं तरी काही होत नाही. बोलणं वेगळं घ्या, सगळी यंत्रं थांबवून, ते तुकडे जुळवून बघत असताना. काँप्रेसर मेनमधून बंद करा, नाहीतर नेमक्या वाक्यात धडधड सुरू होतो. रिकाम्या शेडचा एक मिनिट आवाज घ्या. ग्राइंडरचा आवाज तीनेक मीटरवरून, लेव्हल उणे १८ डेसिबलच्या आसपास. माईकवरची केसाळ टोपी काढा, ती ठिणगीनं पेटते.

आणि मधेमधे कर्रकर्र येत असेल तर तो चामड्याचा ॲप्रन माईकवर घासतोय. माईकच्या वायरचा छोटा वेढा टेपनं पक्का करा.

खटपट्या
येतंय तसं! पण ग्राइंड करताना बोलतात तेच तर जिवंत वाटतं.

कानोसा
वाटतं, ऐकू येत नाही.

जुनं_ते_सोनं
पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. माहितीपटात उल्लेख हवाच. स्विस शिल्पकार टँग्लीचं भंगारातलं यंत्र तर मार्च १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःच मोडून पडलं. पिआनो, बाथटब, सायकलची चाकं, सगळं त्यात.

मध्यमा
अवांतर आहे, पण त्यातून कामाचं एक निघतं. माहितीपटकार पेनबेकरनं त्या यंत्राचं चित्रण केलं म्हणून ते हलताना बघायला तरी मिळतं. प्रत्येक सुटा भाग जोडण्याआधी ढिगात शूट करून घ्या. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एकदा शिल्पाचा डोळा झाला की परत स्प्रॉकेट होत नाही.

झिंक_काका
शिल्पकारांना सांगा, गॅल्व्हनाइज्ड पाइप तसाच वेल्ड करू नका. पांढरा धूर येतो तो जस्ताचा, संध्याकाळी थंडी-ताप भरतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंच कोटिंग घासून काढायचं, पंखा पाठीमागून नको, बाजूनं. आणि शॉक ॲब्सॉर्बर भोक पाडून तेल व दाब काढल्याशिवाय तापवायचा नाही, फुटतो.

खटपट्या
काका, ते तीस वर्षं हेच करतायत.

झिंक_काका
कॅमेरामन तीस वर्षं करत नाहीये.

खटपट्या
ट्यूबखाली ५० फ्रेम, १/१०० ला बघितलं, पट्टे गेले. आता जुने शॉट?

काळी_काच
रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसेवाल्या आवृत्तीत डीफ्लिकर (लुकलुक काढणारा इफेक्ट) आहे, त्यातला फ्लुरोसंटचा पर्याय लावून बघा. ट्यूबचे पट्टे बरेच कमी होतील, आर्कचे राहतील.

पाहुणा_४१
शिल्पकारांना विचाराल का, गेट करतात का? ८ बाय ४, चेन-स्प्रॉकेटचं. रेट किलोवर की फुटावर?