बिग बँग आणि बायबल: मुलीला काय सांगू?

प्रश्न: आम्ही वसईचे. मुलगी दहावीत आहे. रविवारी मिस्साला गाते, रात्री गच्चीवर दुर्बीण लावते. वर्गातल्या मुली म्हणतात, बिग बँग (विश्व एका अतिदाट स्थितीतून प्रसरण पावत आलं हा सिद्धांत) किंवा बायबल, दोन्हीपैकी एकच खरं.

उत्तर : फादर जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल सांगा. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्येच गणिताने मांडलं, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलच्या १९२९ च्या निबंधाआधी!

दुसरे वाचक : पण १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी बिग बँगला बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेशी जोडलंच की.

उत्तर : जोडलं, आणि लमेत्र यांनाच ते रुचलं नाही. उद्या सिद्धांत बदलला तर श्रद्धाही बदलायची का? त्यांचा हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

तिसरे वाचक : व्हॅटिकनची १.८ मीटर आरशाची दुर्बीण ॲरिझोनात माउंट ग्रॅहमवर आहे. फोटो दाखवा तिला.