मदत हवी आहे: जेवल्यावर अडीच-तीन तासांनी आईची साखर उतरते

नमस्कार मंडळी,

आम्ही मालवणजवळ राहतो. आई ६१ वर्षांची. तिला मधुमेह नाही, बीपीची गोळीही नाही. गेले दोन महिने दुपारी जेवून झालं की साडेतीन-चारच्या सुमारास तिला दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं, पाय गळतात. परवा पडवीत सुपारी कातरत बसली होती, तर अडकित्ता हातात थरथरायला लागला आणि तुकडे सुपाबाहेर पडायला लागले. "चाय कर गो, साखर जास्त घाल," एवढंच बोलली. चहाने पंधरा मिनिटांत तरतरी आली, पण सहाच्या आत परत तोच प्रकार.

इथल्या दवाखान्यात "उन्हाळा आहे, वय झालं, सरबत घ्या" असं सांगितलं. मला ते पटलं नाही. बाबांचं साखर तपासायचं मशीन घरात आहे, त्यावर मोजली: जेवणाआधी ९६, तासाभराने १८८, आणि घाम सुटला तेव्हा ५७. चहानंतर ८४. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ आलंय, उपाशीपोटी ९८.

एक गोष्ट लिहायची राहिली. दोन महिन्यांपूर्वी तिच्या दाढा काढल्या. तेव्हापासून मासे, उसळ, भाकरी सगळं बंद. गुरगुट्या भात, तूप, वर आमरस, एवढंच जेवण.

दुपारी साखर इतकी खाली का जाते? कोणती तपासणी मागू? पाच तासांची ग्लुकोजची तपासणी करावी का? आणि दात नसलेल्या माणसाला काय वाढू?

प्रतिसाद १

ताई, आधी एक बघा. बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या आणि आईच्या गोळ्या एकाच डब्यात असतात का? ग्लिमेपिराईडसारखी गोळी चुकून तिच्या पोटात गेली तरी साखर उतरते. पट्टीतल्या गोळ्या मोजा.

माझ्या नवऱ्याचं जठराचं ऑपरेशन झाल्यावर हाच त्रास सुरू झाला होता, म्हणून एवढं लिहितेय. मऊ भात आणि आमरस पोटातून झपाट्याने पुढे सरकतात, साखर भराभर चढते, मग शरीर जास्त इन्शुलिन सोडतं. त्याचा जोर साखर ओसरल्यावरही टिकला की ती खाली घसरते. हे बहुतेक जेवणानंतर चार तासांच्या आत होतं. ५.९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तिथे इन्शुलिन उशिरा नि जास्त सुटतं, त्यामुळे असं होऊ शकतं.

७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली गंभीर. घरच्या मशीनचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून घाम सुटलेला असतानाच लॅबमध्ये शिरेतलं रक्त देता आलं तर सर्वांत चांगलं. लक्षणं, त्याच वेळी कमी साखर, आणि साखर वाढल्यावर बरं वाटणं, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती लांबलचक तपासणी निरोगी माणसातही साखर खाली दाखवते. नेहमीसारखं जेवण देऊन केलेली तपासणी मागा.

त्रास झाला की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग अंडं किंवा दही असं काहीतरी द्यायचं. नुसत्या गोड चहावर थांबलात म्हणूनच संध्याकाळी परत होत असावं. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. आणि पहाटे उपाशीपोटी असं झालं तर एक दिवसही थांबू नका, त्याची कारणं वेगळी असतात.

धागाकर्ती

गोळ्या मोजल्या, पट्टीचा हिशोब बरोबर आहे. तरी बाबांचा डबा आता वेगळ्या फडताळात ठेवलाय.

आज बांगडा काटे काढून कुस्करला, आधी तो आणि घोटलेली मूगडाळ, मग अर्धी वाटी भात. आमरस वाढलाच नाही, त्यावरून आई जरा रुसली. पावणेचारला ८२, घाम नाही. एकाच दिवसाचा आकडा आहे, हे कळतंय मला. गुरुवारी कुडाळला हार्मोनच्या डॉक्टरांकडे जातोय, सगळे आकडे वहीत लिहून घेतलेत.

कुळथाची पिठी भाताशिवाय नुसती वाटीने दिली तर चालेल का? तिला ती फार आवडते.