पहिलाच डॉबरमन: ओळखीतून घ्यावा, कागद बघून घ्यावा की हृदयाचा रिपोर्ट मागून?

पोवईनाका:
घर गोडोलीत, साताऱ्यात. पुढची-मागची मिळून गुंठाभर मोकळी जागा. घरात मी, बायको, नववीतला पोरगा आणि आई. डॉबरमनचं वेड शाळेपासूनचं, मुहूर्त लागतोय चाळिशीत. दोन महिने झाले ब्रीडर शोधतोय. सातारा, कराड, सांगली, मिरज धरून नऊ जणांशी बोलून झालं. सात जणांनी पहिल्या दमात विचारलं, "नर का मादी?" आणि दुसऱ्या दमात, "टोकन कधी टाकताय?"

पिल्लांची आई बघायची म्हटलं की एकेकाची उत्तरं ऐका. "ती शेतावर असते." "व्यायल्यापासून चावरी झालीय." एकानं व्हिडिओ पाठवला. कुत्रीच्या मागे नारळाची झाडं आणि दुकानावर कन्नड पाटी. साहेब म्हणे राहतात कुपवाडला! भाव १२ हजारांपासून ६५ हजारांपर्यंत. एवढा फरक कशाचा म्हणावं तर "ते कागदवालं आहे" (म्हणजे केनेल क्लबचं वंशावळीचं प्रमाणपत्र) किंवा "इम्पोर्ट लाइन आहे" (म्हणजे परदेशी वंशातलं).

माझं मत सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. आई-बापाच्या हृदयाची तपासणी जो दाखवत नाही, त्याच्याकडून डॉबरमन घेऊ नये. मग तो सख्खा मावसभाऊ का असेना. या जातीच्या मुळावर हृदयाचा आजार आलाय, डीसीएम म्हणतात. हृदय ताणून मोठं होतं, पंप सैल पडतो. युरोपातल्या डॉबरमनवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून जास्त कुत्र्यांना कधी ना कधी हा आजार निघाला. आणि इथे युरोपियन लाइन म्हणून वीस हजार जास्त मागतात. कशाचे?

पुण्या-बंगळूरला जावं लागलं तरी जाईन, पण रिपोर्टशिवाय घेणार नाही.

शिराळ्याचा नाग:
भावा, कुत्रं घेतोयस का पोरीला स्थळ बघतोयस? पत्रिका तेवढी मागायची राहिली.

आमच्याकडं डॉबरमन होता, वाळव्याच्या ओळखीच्या माणसाकडनं आणलेला. कागद नाही, रिपोर्ट नाही, काय नाही. अकरा वर्षं जगला. माझ्या लेखी जबाबदार माणूस म्हणजे जो सापडतो तो. चुलत्यानं पुण्याहून कागदवालं पिल्लू आणलं, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांना होतो तो विषाणूचा आजार. ब्रीडरनं फोन उचलायचं बंद केलं. आता तो कागद फ्रेम करून लावायचा का? आमच्या गावातला माणूस दर बाजाराला समोर येतो, तोंड लपवून जाणार कुठं? त्याची आई-बहीण आम्हाला ओळखते. हीच गॅरंटी.

मिरजेची ताई:
नागदादा, सापडणाऱ्या माणसाचंच माझं ऐका.

आमचा मल्हार असाच घरोब्यातून आलेला. यजमानांच्या ऑफिसातल्या माणसाच्या घरची कुत्री, आईसुद्धा बघितलेली, अंगणात लोळणारी, गुणी. मल्हार साडेपाच वर्षांचा होता. रोज सकाळी दूधवाल्याची एम-एटी वाजली की तो गेटपर्यंत धावायचा. त्या दिवशीही धावला. निम्म्या वाटेत मागचे पाय दुमडले, बसतात तसा बसला आणि आडवा झाला. आवाज नाही, काही नाही. दूधवाल्यानं किटली फरशीवर ठेवून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हिरड्या बघितल्या तर पांढऱ्या, कणकेसारख्या. रिक्षात घालेपर्यंत संपलं होतं.

डॉक्टर म्हणाले हृदय. मग मी त्या घरी फोन केला. ते बिचारे हळहळले आणि म्हणाले, "अहो, त्याच्या आईचंही असंच झालं की, गेल्याच्या गेल्या वर्षी. साडेसहाची होती." मध्ये दोन वेतं झालेली. तेरा पिल्लं गावात वाटली गेली. त्यांनी काही लपवलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायला पाहिजे हे आम्हाला माहीत नव्हतं. माणूस चांगला होता, अजूनही चांगला आहे, दिवाळीला फराळ पाठवतो.

आता दुसरी आहे, तुळसा. तिसऱ्या वर्षापासून तिचा होल्टर दरवर्षी करते, म्हणजे छातीला पट्टा बांधून चोवीस तासांचे हृदयाचे ठोके नोंदवतात ती तपासणी.

शिराळ्याचा नाग:
वाईट वाटलं ताई. पण आमचा अकरा जगला हेही खरंच आहे.

काळातांबूस:
आता माझंही ऐका. मी तुमच्या त्या नऊ ब्रीडरांतला नाही, पण ब्रीडरच. विट्याच्या बाजूला दोन माद्या आहेत माझ्याकडं, घरात राहतात. वर्षा-दीड वर्षाला एखादं वेत.

होल्टर हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. रोज काय ऐकतो सांगू? "लास्ट किती?" "शेपूट कापलीय न्हवं?" "निळ्यात हाय का?" (निळ्या रंगाला जास्त पैसे देतात. पुढं त्याच कुत्र्याचे पाठीवरचे केस झडतात आणि मग मला शिव्या घालतात. म्हणून मी ते धंदे करत नाही.)

मागच्या वेताला आठ झाली, दोन गेली. पहिली वीस रात्री मी त्या खोलीत बल्ब लावून झोपलो, कारण आई कूस बदलताना पिल्लू दाबते. जंताचं औषध दर पंधरवड्याला, लसी, आईचा खुराक वेगळा. पस्तिसाव्या दिवशी पिल्लू गोंडस दिसतं, तेव्हा फोनवर फोन. मी म्हणतो आठ आठवडे होऊ द्या, भावंडांत खेळून चावायचं किती ते शिकतंय. मग पिल्लू लंबूळकं होतं, पाय सुटतात, आणि तेच गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मोठं झालंय की ओ, कमी करा." तेवढ्यात पलीकडच्या पेठेतला दलाल तीस दिवसांचं पिल्लू खोक्यात घालून विकून मोकळा.

आणि होल्टरचं म्हणाल तर पट्टा पुण्याला. जाणं-येणं, दोन दिवस मोडणं, इको (हृदयाची सोनोग्राफी) वेगळा. बरं, आज साफ आला म्हणजे कायमचा साफ? तीन वर्षांची मादी आज ठणठणीत असंल, सहाव्या वर्षी तिचंच हृदय बसतंय. मग तो कागद घेऊन तुम्ही काय पूजा करणार? रिपोर्ट दाखवणारा जबाबदार आणि वीस रात्री जागणारा बेजबाबदार, हे काय पटत नाही मला.

पोवईनाका:
तुमच्या वीस रात्रींबद्दल हात जोडतो, खरंच. पण जागरणानं हृदय सुधारत नाही. खर्चाची गोष्ट असेल तर पिल्लामागे पाच हजार वाढवा आणि का ते सांगा. मी देईन.

काळातांबूस:
तुम्ही द्याल. बाकीची पाच पिल्लं कुणाला विकू?

शिरवळ रिटर्न:
शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो, आता कोरेगाव तालुक्यात दिवसभर गायी-म्हशी. कुत्री संध्याकाळी. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय म्हणून लिहितो.

एकदाच केलेल्या होल्टरचा भरवसा नाही, हे विटेकर दादा बरोबर बोलले. तपासणी साधारण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी करायची असते, इको आणि २४ तासांचा होल्टर दोन्ही. कारण आजार कधी ठोक्यात आधी दिसतो, कधी आकारात. चोवीस तासांत ५० पेक्षा जास्त वेडेवाकडे ठोके आले की संशय धरतात, ३०० च्या वर गेले की निदानच. कुत्रं तोवर उड्या मारत असतं. जनुकांच्या तपासण्याही निघाल्यात, पण त्यात साफ आलेल्या कुत्र्यालाही आजार होतो, म्हणून त्यावर विसंबू नका. रक्त न गोठण्याच्या आजाराची, व्हॉन विलेब्रँडची, डीएनए तपासणी मात्र आयुष्यात एकदाच करावी लागते आणि उत्तर पक्कं मिळतं. ती न करायला कुणालाच सबब नाही.

मग भरवसा कशाचा? म्हाताऱ्यांचा. दोन वर्षांच्या चॅम्पियन नरापेक्षा सात-आठ वर्षांचा, होल्टर साफ असलेला नर जास्त सांगून जातो. आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशानं गेले, हे विचारायला एक पैसा लागत नाही. मिरजेच्या ताईंच्या बाबतीतही या एका प्रश्नानं कदाचित काही कळलं असतं.

कागदाचं म्हणाल तर केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र म्हणजे वंशावळ. जन्माचा दाखला समजा. तब्येतीचा दाखला नव्हे. त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर पिल्लाच्या मानेवर स्कॅनर फिरवून जुळवा. मी एकदा जुळवला तेव्हा मानेत चिपच नव्हती. मालक म्हणाला, "बसवायची राहिली वाटतं."

आणि कायदा २०१७ पासून आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडरची नोंदणी, आठ आठवड्यांच्या आत विक्री नाही, दीड वर्षाच्या आतली मादी लावायची नाही, वर्षात एकच वेत, जन्मात पाचाच्या वर नाही. नोंदणी नंबर विचारून बघा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

काळातांबूस:
माझाही झाला असता. अर्ज करतो.

जतचा कारवानी:
मुळात हे जर्मन खूळ कशाला? अपोल्डा गावच्या टॅक्स गोळा करणाऱ्या लुई डॉबरमननं स्वतःच्या सोबतीला बनवलेलं जनावर, सव्वाशे-दीडशे वर्षांचं सगळं मिळून. आमचं इथलं शिकारी कुत्रं, कारवानी, बघा, उन्हात दिवसभर, भाकरीवर, आजार ठाऊक नाही. मुधोळ हाउंड म्हणून २०१६ पासून लष्करानंही प्रशिक्षणाला घेतलं. सांगलीहून मुधोळ किती लांब आहे? तिथं तिम्मापूरला सरकारी केंद्रच आहे.

पोवईनाका:
कारवानीला धावायला माळ लागतो. माझ्या गुंठ्यात तो भिंत ओलांडून थेट अजिंक्यताऱ्यावर जाईल.

जतचा कारवानी:
मग डॉबरमन काय गुंठ्यात मावतो?

मिरजेची ताई:
तो घरात मावतो. तुम्ही असाल त्या खोलीत. बाथरूमच्या दारातसुद्धा. साखळीला बांधून राखणीला ठेवायचा असेल तर मात्र कुणीच घेऊ नका, दोन महिन्यांत वेडापिसा होतो. अंगावर केस कमी, थंडीत कुडकुडतो, उन्हात भाजतो. तासगावला द्राक्षबागेत बांधलेला एक बघितलाय मी. पुन्हा त्या वाटेनं गेले नाही.

पोवईनाका:
विटेकर दादा, शेपटीचं काय? मला शेपूट आणि कान, दोन्ही जसे जन्मतील तसे हवेत.

काळातांबूस:
शेपूट पहिल्या चार-पाच दिवसांतच कापली जाते. तेव्हा कुठलं पिल्लू कुणाचं हे ठरलेलं नसतं. शेपटीसकट राहिलेलं शेवटपर्यंत माझ्याकडं पडून राहतं, "हे डॉबरमन हाय का?" म्हणून विचारतात.

शिरवळ रिटर्न:
मी ते काम करत नाही. निव्वळ दिसण्यासाठी अवयव छाटायचा, आणि १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अडकायचं, दोन्ही नको. दादा, ज्या घरी व्हॉन विलेब्रँड तपासलेला नाही, तिथं शेपूट कापताना रक्त थांबलं नाही तर काय करणार, एवढं सांगा.

काळातांबूस:
एकदा नव्हतं थांबलं. मागच्या वेतातली दोन गेली म्हटलं ना, त्यातलं एक.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. पुढचं दुसऱ्या दिवशी रात्रीचं.)

काळातांबूस:
पोवईनाका, रात्री विचार केला. माझी थोरली मादी चार वर्षांची. एक वेत झालंय. कार्तिकात माजावर येईल. त्याआधी तिला पुण्याला नेतो, इको आणि होल्टर दोन्ही करतो, डीएनएचं रक्तही देतो. अर्धा खर्च तुमचा. रिपोर्ट वाईट आला तर तिला लावणार नाही, आणि तुमचे पैसेही परत नाहीत. चांगला आला तर कोल्हापुरात माझ्या ओळखीचा आठ वर्षांचा नर आहे, त्याच्या मालकालाही होल्टरला राजी करतो. पहिली निवड तुमची, शेपटीसकट, आठ आठवडे झाल्यावर.

आता मी विचारतो. दिवसा घरी कोण असतं?

पोवईनाका:
आई. पंच्याहत्तरची आहे, पण खमकी.

काळातांबूस:
त्यांना विचारलंत का? चाळीस किलोचं जनावर अंगावर उडी मारतं पहिलं वर्षभर.

पोवईनाका:
आज विचारलं. म्हणाली, खंडोबाचं जनावर आहे, बांधून घालणार नसाल तर आणा. उडीचं मात्र तिला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. बाकी तुमचं कबूल. अर्धे पैसे उद्या पाठवतो.

शिराळ्याचा नाग:
थांबा थांबा. पिल्लू अजून पोटातसुद्धा नाही. रिपोर्ट वाईट आला तर ह्याचे पैसे बुडाले आणि त्याचं वेत बुडालं. दोघं मिळून खड्ड्यात.

पोवईनाका:
हो.

शिराळ्याचा नाग:
काय माणसं आहेत राव.

मिरजेची ताई:
विटेकर दादा, पट्टा बांधायच्या आधी छातीवरचे केस चार-पाच ठिकाणी भादरतात, महिनाभर टकलं दिसतात, घाबरू नका. आणि वरून यजमानांचा जुना बनियन घाला, गाठ पाठीवर मारा. तुळसानं पहिल्या वर्षी अर्ध्या रात्री दातांनी सगळ्या वायरी उपटल्या होत्या, परत दुसऱ्या दिवशी जावं लागलं.

काळातांबूस:
बनियन कुणाचा, माझा? बसंल का तिला?