पत्र्याच्या खोलीत पग जातीचा कुत्रा दिवसभर एकटा असतो. तीन हजारांत काय करावे?

विजापूर_रोड: नमस्कार मंडळी. आमच्याकडे चार वर्षांचा पग आहे. आम्ही वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतो आणि सकाळी दहा ते सायंकाळी पाच घरी कोणीही नसते. आताच दुपारी पारा ४२ अंशांवर जात आहे, मे अजून यायचा आहे. मर्यादा ३,००० रुपये आहे. एसी शक्य नाही, तेव्हा कृपया तो सुचवू नये.

होटगीकर: आम्ही आमच्या लॅब्रॅडॉरसाठी गेल्या वर्षी एक टनाचा एसी बसवला आणि तेव्हापासून तो पलंगावरून उतरायला तयार नाही. तीन हजार तर हप्त्यातच बसतात.

चादरवाला: एसी नको असे स्पष्ट लिहिलेले असताना हा सल्ला कशासाठी? सोलापूरचे ऊन कोरडे असल्यामुळे येथे कूलर उत्तम चालतो. माझा ८,५०० रुपयांचा आहे. मात्र खिडकी उघडी ठेवावी, कारण बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि दमट हवेत कुत्र्याला धापा टाकूनही गारवा मिळत नाही.

अक्कलकोट_नाका: आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येते. कूलरला पाजायचे की माणसांना? शिवाय दुपारी वीज गेली, तर तो कूलर नुसता खोका.

चादरवाला: आमच्याकडे बोअर आहे.

अक्कलकोट_नाका: सगळ्यांकडे नसते.

शेळगीकर: आमचे आजोबा खिशात कांदा घेतल्याशिवाय उन्हात पाऊल टाकत नसत. कुत्र्याच्या तळपायांना कांद्याचा रस चोळावा, खर्च पाच रुपये.

मांजरवाली: कृपया असे करू नये. कांदा कुत्र्या-मांजरांना विषारी असतो, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि पायाला लावलेले कुत्रा चाटणारच. द्राक्षे आणि बेदाणेही देऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ तळपायांपुरताच, बाकी सारी उष्णता धापेवाटे बाहेर पडते, आणि पगचे नाक चपटे असल्यामुळे हेच काम त्याला नीट जमत नाही. त्यामुळे लॅब्रॅडॉरचा अनुभव येथे कामाचा नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले, तर जीव धोक्यात येतो. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल लडखडली, तर लगेच अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत पाणी ओतून पंख्याखाली न्यावे आणि मगच दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवण्याची चूक आम्ही आमच्या आधीच्या कुत्रीच्या बाबतीत केली होती. टॉवेल थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता आत कोंडतो. ती वाचली, पण आठवडाभर सलाईनवर होती.

होटगीकर: मग जेलची गादी घ्या. आम्ही तीही घेतली होती, २,२०० रुपयांना. दुसऱ्या दिवशी त्याने ती फाडली, हा भाग वेगळा.

सात_रस्ता: कूलर घ्यावा, असे माझे मत आहे.

अक्कलकोट_नाका: वर वाचले का?

विजापूर_रोड: सर्वांचे आभार. मी यांपैकी काहीच घेत नाही. कसब्यात माझ्या मावशीचे जुने माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर आहे. भिंती दोन हात जाड, खाली शहाबादी फरशी. दुपारीही तेथे चादर घ्यावीशी वाटते. कामावर जाताना त्याला तेथे सोडीन आणि परतताना घेऊन येईन. तीन हजार रुपये रिक्षाला जातील.

चादरवाला: रिक्षाच्या भाड्यात तीन उन्हाळ्यांत कूलर आला असता.

मांजरवाली: निर्णय योग्य आहे. फक्त पाचला लगेच निघू नका. डांबरावर तळहात पाच सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याला रिक्षापर्यंत उचलूनच न्यावे.

विजापूर_रोड: अकरा किलोचा आहे. तरी उचलीन. मावशीला तो आवडत नाही, ही खरी अडचण आहे. तिला अजून सांगितलेले नाही.