‘रेहिया’ला मराठीत काय म्हणाल?

खारीबिस्कीट: आमच्या फिल्म क्लबसाठी ‘सिंडी ला रेहिया’ (२०२०) या मेक्सिकन विनोदी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करतेय, आणि गाडी नावातच अडलीय. सिंडी मॉन्तेरेय शहराला खेटून असलेल्या सान पेद्रोची, बड्या घरची. लग्नाची मागणी नाकारून राजधानीत येते. ‘रेहिया’ म्हणजे राजेशाही, झोकदार. शिवाय ‘रेहिओमोंताना’, म्हणजे मॉन्तेरेयची बाई, याचंच तोकडं रूप. ‘महाराणी’ लिहिलं तर गाव गळतं, ‘मॉन्तेरेयकर’ लिहिलं तर तोरा.

जुनाबोरू: ‘राजस’ घ्या. तुकोबांचा ‘राजस सुकुमार’ आहेच. ‘सबटायटल्स’ न लिहिल्याबद्दल आभार.

तिखटमीठ: राजस बाळाला म्हणतात हो! आमची आजी न्हाऊ घालताना म्हणायची. आणि ‘उपशीर्षक’ म्हणजे लेखाच्या मथळ्याखालची ओळ. सबटायटलच म्हणा.

जुनाबोरू: मग ‘मथळा’ही सोडा, ‘हेडिंग’ म्हणा.

घाटाखालचा: मॉन्तेरेय म्हणजे राजाचा डोंगर ना? मग ‘सिंडी राजापूरकर’! गावही आलं, राजाही आला.

पंचावाला: मी राजापूरचा. आमच्याकडे गंगा आहे, पंचे आहेत. तोरा नाही. नाव मागे घ्या.

ताराबघ्या: पंधराव्या शतकातला जर्मन खगोलज्ञ रेगिओमोंटानुस आठवला. गाव क्योनिग्सबेर्ग, अर्थ तोच, राजाचा डोंगर. त्याचं लॅटिन करून हे नाव झालं.

घाटाखालचा: म्हणजे मॉन्तेरेयचं नावही तिथल्या डोंगरावरूनच पडलं असणार.

खारीबिस्कीट: नाही ना! १५९६ साली शहर वसलं तेव्हाच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची पदवी होती ‘मॉन्तेरेयचा काउंट’. तो डोंगर स्पेनमधला. शहरावर जो दिसतो तो ‘सेर्रो दे ला सिया’, खोगिराचा डोंगर.

तिखटमीठ: ‘सिंडी खोगीरकर’ 😄

खारीबिस्कीट: अजून एक आहे. मॉन्तेरेयकर चिकट, असे विनोद मेक्सिकोभर चालतात. चिकट माणसाला तिकडे ‘कोदो’, म्हणजे कोपर, म्हणतात. बोलताना कोपरावर तळहात थापला की कळतं. इथं काय लिहू?

घाटाखालचा: चिक्कू. विषय संपला.

जुनाबोरू: कवडीचुंबक! इतका डौलदार शब्द असताना चिक्कू कसला?

तिखटमीठ: दीड सेकंदात कवडीचुंबक वाचून होतो का? तेवढ्यात सिंडी दुसरी पर्स घेऊन येईल. पण कोपर सोडू नका. आपणही कोपरापासून हात जोडतो.

पंचावाला: ते वैतागून. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणतो तो हावरट. चिकटाचं कोपर आपल्याकडे नाही.

जुनाबोरू: ‘कद्रू’ घ्या. नागांची आई कद्रू, तिच्यावरून.

ताराबघ्या: तिनं सवतीला दासी केलं ते कपटानं, पैशापायी नव्हे. ही व्युत्पत्ती मला पटत नाही.

जुनाबोरू: न पटायला काय झालं? आमचे मास्तर सांगायचे.

पंचावाला: आमच्याकडे चिकटाला ‘कद्रू’ नव्हे, ‘चिंगूस’ म्हणतात.

खारीबिस्कीट: शुक्रवारी दाखवायचाय हो. नावाचं काय?

तिखटमीठ: चिंगूस कुठून आला पण?